बाह्य दुव्यांची चावी कोणाकडे?

छापील विश्वकोशातील नोंदीखाली संदर्भग्रंथांची यादी असते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तेव्हा ही यादी संपादकांच्या अधिकारात होती. तीत आपल्या दुकानाचे नाव घुसवावे, असे कोणा व्यापाऱ्याच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाची गोष्ट वेगळी. तेथे कोणीही लिहावे व कोणीही खोडावे. त्यामुळे नोंदीअखेर कोणत्या संकेतस्थळांचे दुवे द्यावेत, हा वरवर किरकोळ भासणारा प्रश्न वस्तुतः संपादकीय सत्तेचा होऊन बसतो.

इंग्रजी विकिपीडियाचा दंडक कडक आहे. विषयाचे अधिकृत स्थळ चालते; निव्वळ जाहिरातीसाठी चालविलेली स्थळे चालत नाहीत. मालकाने आपला दुवा स्वतः घालू नये, चर्चापानावर सुचवावा. वाद झाल्यास सहमती मिळविण्याची जबाबदारी दुवा हवा असणाऱ्यावर पडते. लेखाधिकाराचा भंग करणाऱ्या मजकुराकडे बोट दाखविण्यासही मज्जाव आहे. असे बोट दाखविणेदेखील अंगाशी येऊ शकते, हे अमेरिकेतील युटाच्या संघीय न्यायालयाने १९९९ साली दिलेल्या मनाई हुकुमावरून दिसले होते. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने सर्व बाह्य दुव्यांवर अशी खूण केली की, शोधयंत्रांनी क्रमवारी लावताना ते जमेस धरू नयेत. घुसखोरीचे मोठे आमिष त्यामुळे गेले. घुसखोर मात्र गेले नाहीत. वाचकांची वर्दळ हेही आमिषच की!

येथवर तक्रारीस जागा नाही. खरी अडचण सामाईक काळ्या यादीची आहे. तीत एखादे स्थळ आले की त्याचा नवा दुवा असलेले पान कोणत्याही भाषेच्या विकिपीडियावर जतनच होत नाही. त्याविषयीची चर्चा मुख्यतः इंग्रजीत चालते. मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्या भाषांना हे कवच हवेच, हे कबूल करावे लागेल; परंतु ज्यांना कवचाची गरज अधिक, त्यांचाच आवाज तेथे क्षीण असतो, हेही नाकारता येत नाही.

२००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाला त्यावर उपाय उपलब्ध आहे. एखादे स्थळ सामाईक यादीत अडकले असले, तरी स्थानिक प्रचालक आपल्या अपवादसूचीत त्याची नोंद करून दुव्याला वाट देऊ शकतात. त्यासाठी त्या स्थळाची पारख करून मराठी चर्चापानावर कारणे मांडणारे चार जाणकार लागतात.