कोड्यातला डायनोसॉर कोणत्या गावचा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या काही विद्यार्थ्यांनी आम्हांला एक कोडे सोडवायला दिले. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून नगरच चालते, इथेही ते तसेच राहू द्यावे.) खेळाचे नाव जिओकॅशिंग. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेला घोळ काढून टाकला आणि लगेच ओरेगन राज्यात एका गृहस्थाने एक बादली जमिनीत दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर लोक डब्या लपवतात, इतर लोक त्या शोधतात आणि आतल्या वहीत नाव लिहून डबी होती तिथे ठेवून येतात. यातला एक प्रकार कोड्याचा. तिथे डबीचा ठिकाणा सरळ सांगत नाहीत. कोडे सुटले तरच आकडे हाती लागतात.

या कोड्याचा विषय होता लोकप्रिय संस्कृतीतले डायनोसॉर. सूत्रे अशी : विन्सर मकेच्या गर्टीचे साल, किंग काँगचे साल, गॉडझिलाचे साल, जुरासिक पार्कचे साल. म्हणजे १९१४, १९३३, १९५४ आणि १९९३. चारही सालांच्या आरंभी १९, तेच उत्तर अक्षांश. त्र्याण्णवातून एकोणीस वजा केले की ७४, ते पूर्व रेखांश. उरलेल्या अंकांतून मिनिटे. डबी निघाली ती चांदबिबीच्या महालाच्या डोंगरापाशी, रस्त्याकडेच्या एका दगडाआड. रचना सफाईदार होती, आणि आम्ही मनापासून दादही दिली. घरी परतल्यावर मात्र काहीतरी खटकत राहिले. जे खटकले ते विद्यार्थ्यांच्या पदरात टाकण्याजोगे नाही. ते आपल्या, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांच्या आणि समीक्षा लिहिणाऱ्यांच्या पदरात पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खटकले ते असे. हे कोडे सोडवायला नगर लागत नाही. एकोणीस अंश उत्तर, चौऱ्याहत्तर अंश पूर्व हा बिंदू नगरचा आहे हे त्या चार चित्रपटांना ठाऊक नाही, आणि नगरच्या त्या डोंगरालाही डायनोसॉरशी आपला काय संबंध हे कुणी विचारलेले नाही. विषय एकीकडे, जागा दुसरीकडे, मध्ये वजाबाकी. आकडे थोडे फिरवले की हेच कोडे ओसाकाला किंवा ऑस्लोला लपवता येईल.

यावर चर्चासत्रांतून ऐकू येणारे उत्तर आम्हांला माहीत आहे. लोकप्रिय संस्कृतीला गाव नसते, ती जागतिकच असते, आणि तिला स्थानिकतेची अट घालणे म्हणजे जुन्या देशीवादाची नवी आवृत्ती काढणे होय, असे म्हटले जाते. हे उत्तर आम्हांला आळशी वाटते. ज्या डोंगराच्या पायथ्याशी डबी होती त्याचेच उदाहरण घ्या. वरची अष्टकोनी वास्तू चांदबिबीचा महाल नाही. ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. पण १५९५-९६ मध्ये मोगलांपासून नगरचा किल्ला राखणाऱ्या बाईचे नाव लोकांनी त्या माथ्याला दिले आणि ते टिकले. हीसुद्धा लोकप्रिय संस्कृतीच, आणि तीही इतिहासाच्या कसोटीला न उतरणारी. पण ही चूक नगरची आहे. ती समजून घ्यायची तर वेढा, किल्ला आणि लोकांची कृतज्ञता यांतून जावे लागते. जुरासिक पार्कची चूक वेगळ्या जातीची. त्यातला टायरॅनोसॉरस, व्हेलॉसिरॅप्टर, ट्रायसेराटॉप्स यांपैकी एकही जुरासिक काळातला नाही, सगळे नंतरच्या क्रिटेशस काळातले. ती चूक १९९४ साली हिंदीत डब होऊन आपल्याकडे आली, आम्हीही खुर्चीच्या कडेला सरकून ती पाहिली आणि जशीच्या तशी घरी नेली. तिच्यात भर घालावी, तिची टिंगल करावी, तिला आपल्या ओट्यावर बसवावे, असे मराठीला फारसे वाटले नाही.

बंगालीत काय झाले ते पाहावे. कॉनन डॉइलची 'द लॉस्ट वर्ल्ड' १९१२ ची. पुढच्या दशकात सुकुमार राय यांनी हेशोराम हुशियारच्या डायरीत तिचे असे विडंबन केले, की प्राण्यांच्या लॅटिन नावांच्या जागी बंगाली स्वभावविशेषच शेपट्या लावून फिरू लागले. १९६१ च्या सुमारास प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडे निघाली. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले : बारापासोरस टागोरी. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. खोदकामाला आरंभ झाला ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून टागोरी. कवीच्या नावाचा डायनोसॉर! त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आणि हा प्राणी, चित्रपटातल्या बहुतेकांच्या उलट, खरोखरच जुरासिक काळातला. जी गोदावरी कोपरगावावरून, नगर जिल्ह्याच्या उत्तर अंगाने वाहत जाते, तिच्याच खालच्या खोऱ्यातला. वर्गात 'गीतांजली' शिकवणाऱ्या किती जणांनी हे सांगितले असेल? आम्ही तरी सांगितले नव्हते.

महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण याहून मोठे आहे आणि त्याला वास येतो म्हणून की काय, ते कोणी उचलत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आणि पिसदुरा ही ठिकाणे. डोंगरगावात सापडलेल्या डायनोसॉरला आज इसिसॉरस कोलबर्टी म्हणतात. त्यातले 'इसि' हे पुन्हा त्या कोलकात्याच्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे. पिसदुऱ्याला सापडते ते डायनोसॉरचे शेण, अर्थात दगड झालेले. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय आणि परदेशी संशोधकांनी या शेणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गवताच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साठतात. शेण दगड झाले तरी ते टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचे कूळ ओळखता येते. पिसदुऱ्याच्या शेणात असे कण निघाले. तोवर समजूत होती, की गवताचा पसारा डायनोसॉर संपल्यावरचा. ती समजूत विदर्भातल्या शेणाने मोडली. शेणसडा, शेणकूट, गोवऱ्या यांवर इतके लिहिणाऱ्या आपल्या ग्रामीण साहित्याला याहून आपला डायनोसॉर कोणता हवा होता?

मग नगरात काय? नगरात डायनोसॉरचे हाड सापडलेले आमच्या वाचनात नाही, आणि ते का नसावे हेच इथले खरे कोडे आहे. कळसूबाईच्या माथ्यापासून निघोजच्या कुकडीपर्यंत या जिल्ह्यात पायाखाली जवळजवळ सगळीकडे काळा बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर वाहिला, तो हा दगड. पूर्वेकडे, चंद्रपुराकडे, लाव्ह्याची कड येते आणि खालचा गाळाचा खडक उघडा पडतो. म्हणून तिथे हाडे आणि शेण हाती येते. पश्चिमेकडे थर जाडच जाड होत जातात. नगरच्या खाली त्या प्राण्यांनी तुडवलेली जमीन असेलच, तर ती या काळ्या दगडाच्या तळाशी झाकलेली. नेहरूंनी नगरच्या किल्ल्यातल्या बंदिवासात फुलझाडांसाठी वाफे खणले तेव्हा जुन्या भिंती आणि बुजलेल्या इमारतींचे माथे कुदळीला लागले, हे त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त नोंदवले आहे. तीच कुदळ आणखी खाली चालवली असती, तर इतिहास संपून दगड लागला असता, आणि मग दगडच दगड.

जागा आणि अर्थ अशा गुंफलेल्या असल्याशिवाय कोडे होत नाही, ही शिस्त मराठीला नवी नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' उघडून पाहा. चक्रधर कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळात बसले, दार कोणीकडे होते, हे तिच्यात अशा नेमकेपणाने सांगितले आहे, की माणसाने पायी निघावे आणि पोचावे. त्यात गोदाकाठचे डोमेग्रामही आहे, जे आज नगर जिल्ह्यात आहे. याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. सकळ लिपीचा उलगडा व्हायला राजवाडे यावे लागले. सांकेतिक लिपी आणि ठिकाणांची पोथी! खेळाची सगळी सामग्री इथे सहा-सातशे वर्षांपासून तयार आहे. फरक एवढाच, की स्थानपोथीतले स्थान लीळेपासून सुटे करता येत नाही. ओटा हलवला तर लीळा हरवते. आमच्या विद्यार्थ्यांच्या कोड्यातून नगर काढले, तर काहीच हरवत नाही.

आमचे म्हणणे गर्टी किंवा गॉडझिला हाकलून लावा असे नाही. पुराणात डायनोसॉर होतेच असे सांगणाऱ्यांच्या पंगतीत आम्हांला कोणी बसवू नये, हेही इथेच नोंदवतो. गॉडझिला तर उदाहरण म्हणूनच घ्यावा : अणुबाँबचे भय पोटात घेऊन तो १९५४ च्या जपानातून आला, म्हणून तो त्या जागेचा आहे. आम्ही मागतो ते तितकेच.

याच खेळात २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार आहे. त्यात डबी नसते. सांगितलेल्या जागी जायचे, दगड पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. आम्ही विद्यार्थ्यांना निघोजचे रांजणखळगे सुचवले. कुकडीच्या पाण्यात गोटे गरागरा फिरून बेसाल्टमध्ये कोरलेले ते खड्डे, शेजारी मळगंगेचे देऊळ. प्रश्न असा ठेवावा : इथे डायनोसॉर का सापडत नाही? उत्तर द्यायला खळग्याच्या काठाशी वाकून पाहावे लागेल, आणि गर्टीची जन्मतारीख फारशी उपयोगी पडणार नाही.

मुलांनी ऐकून घेतले. एकीने वही काढली आणि विचारले, "सर, पिसदुऱ्याचा अक्षांश किती?" विसाच्या थोडा वर, आम्ही म्हणालो. तिने चारही सालांवर काट मारली आणि म्हणाली, "मग एकोणीस काही चालणार नाही, सगळे पुन्हा मांडावे लागेल."