किल्ली कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो,

मागच्या बैठकीला एक कार्यकर्ती आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तिची एस.टी. चुकली होती. दारात मोटरसायकल उभी होती, पण भाऊ बाहेरगावी. "गाडी होती गं, चालवायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. ती स्वतः घरात होती, हे तिच्या हिशेबात आलंच नाही!

मला हसू आलं नाही. बत्तिसाव्या वर्षापर्यंत मीही असंच बोलत होते. एम.एस.डब्ल्यू. केलं, गावोगावच्या कामाचे अहवाल लिहिले, पण गावात पोचायचं ते कुणाच्या तरी मागे बसून. बैठकीतून कधी उठायचं, हे गाडीवाला ठरवणार. मारहाण झालेल्या बाईचा रात्री निरोप आला, तर पहिला प्रश्न 'सोडायला कोण येईल?' हाच.

भीती होतीच. नीट पाहिलं तेव्हा एकीच्या पोटात दोन निघाल्या. एक पडण्याची. दुसरी, पडल्यावर लोक काय म्हणतील याची. मुलगा पडला की 'शिकतोय', बाई पडली की 'सांगितलं होतं ना!' ही दुसरी भीती टाकून द्यायची आहे. पहिली मात्र सोबत ठेवायची, कारण ती आपल्याला सावध करते.

बाजाराच्या मोकळ्या मैदानात एका सहकारी मैत्रिणीने मला शिकवलं. पहिल्या दिवशी गाडी चालूच केली नाही. नुसती ढकलली, स्टँडवर लावली, वजन अंगवळणी पाडलं. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडत पायी चालण्याच्या वेगाने फेऱ्या. दहाव्या दिवशी खडीवर वळताना पुढचा ब्रेक दचकून दाबला आणि पडले. गुडघा फुटला. घरी ऐकलं, "पुढचा ब्रेक लावायचाच नसतो." ही समजूत चुकीची आहे. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकने गाडी उशिरा थांबते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत लावायचे. वळण, खडी, ओला रस्ता आला की वेग आधीच कमी करायचा. आणि नजर जायचं तिकडे ठेवायची. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते.

"त्यापेक्षा मागे बसलेली बरी," असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या आत्याची गोष्ट सांगते. लग्नाला जाताना ती एका अंगाला पाय सोडून बसली होती. पदर चाकात गेला. डोक्याला मार बसला. ती वाचली, पण आज सहा वर्षांनीही घरच्यांची नावं चुकते. ती गाडी चालवत नव्हती. मागे बसणारीच्या वाट्याला धोका येतो, ब्रेक मात्र येत नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. तरीही घरात हेल्मेट एकच, आणि ते चालवणाऱ्याचं! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागे बसणारीलाही लागू आहे. मागच्या चाकाला जाळी आणि धरायला कडी असावी, हाही नियम आहे. आय.एस.आय. खुणेचं हेल्मेट घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावा, अंबाडा थोडा खाली बांधा. पदर, ओढणी कमरेला खोचा. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा.

मात्र सगळा भार बाईच्या धीरावर टाकू नका. अंधारा फाटा, खड्डे, पाठलाग करणारी टोळकी, ही काही आमच्या मनातली भीती नाही. त्यासाठी ग्रामसभेत दिव्याची मागणी करायची, पोलिसांकडे गस्तीची.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. अक्षरं आणि सायकल तिथे बरोबरीने आली. आपणही सुरुवात करू या. दर रविवारी सकाळी बाजाराच्या मैदानात सराव ठेवायचं गटाने ठरवलं आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीने आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बचत गटातून दोन हेल्मेटं घेऊ.

ती कार्यकर्ती पहिल्या रविवारी येणार आहे. भावाने किल्ली द्यायला कुरकुर केली. गाडीचे निम्मे हप्ते तिच्या शिलाईच्या पैशातून गेलेत, याची तिने त्याला आठवण करून दिली.

तुमच्या घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे, किल्ली कुठल्या खिळ्याला अडकवलेली असते? जरूर लिहून कळवा.

तुमचीच,
संपादक