शंभरांची अट

लातूर-नांदेडात शिकवणीवर्गांचा कारखाना अहोरात्र चालतो. परंतु बेसबॉलचा चेंडू कसा अडवावा हे शिकवणारा माणूस खेड्यातील लहान शाळेच्या वाट्याला येत नाही. हा दैवयोग नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तरच शारीरिक शिक्षणाचा निदेशक देते, आणि तोही अंशकालीन! तांड्यावरच्या मुलांना शरीर नसते काय?

जमिनीलगत आलेल्या चेंडूमागे अंग आणणे, गुडघे वाकवून तो दोन्ही हातांनी घेणे, लक्ष्याकडे पाऊल टाकून फेकणे, ही विद्या गाइडातून येत नाही. कोणीतरी शेकडो वेळा चेंडू टाकावा लागतो, चूक होताच तेथेच थांबवावे लागते. सरकार मात्र दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण देऊन मोकळे होते. ज्याला शिकवणाराच लाभला नाही, त्याला ती सवलत कुठली?

ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतच, २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉल घेण्याचे ठरले. या अनुसूचीत दुरुस्ती करण्याचा अधिकार कलम २० ने केंद्र सरकारला दिला आहे. त्यासाठी एक अधिसूचना पुरेशी आहे. शिक्षकभरतीच्या प्रत्येक मोर्चात ही मागणी पहिल्या ओळीत असली पाहिजे.