पहिली सुई स्वतःला!



वर्गात 'हाफकिन कोण?' असं विचारलं, तर एखादाच हात वर होतो. 'बाई, मुंबईत परळला ती संस्था आहे ना!' बस्स, एवढंच. मला वाटतं, हा माणूस मुलांना नीट कळायला हवा.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आधी ग्रंथालयात काम मिळालं. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळू लागली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू केलं. प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि त्यांचीच लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वतःहून पुढे आले.

१९०२ मध्ये मात्र पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम सुटलं. दोष गावात बाटली उघडताना झालेल्या चुकीचा होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

आपण पाठ शिकवतो तेव्हा 'शोध लावला, नाव झालं' इथेच थांबतो. मुल्कोवालही सांगा. पुराव्याआधी दोष देऊ नये, हे मुलं तिथेच शिकतात.

२०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाच्या दिवशी माझ्या वर्गातली बरीच मुलं गैरहजर होती. मोबाईलवरच्या मेसेजमुळे पालक घाबरलेले. मी पालकसभेत भाषण दिलं, उपयोग शून्य. एका आजींनी सरळ विचारलं, "बाई, तुमच्या पोराला टोचली का?" दुसऱ्या दिवशी मी मुलाचं लसीकरण कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. आजींनी ते उलटसुलट पाहिलं आणि नातवाला हाक मारली.

हाफकिन यांना जे १८९७ मध्ये कळलं होतं, ते मला त्या अंगणात कळलं. उपदेश नंतर, आधी आपला दंड पुढे करायचा.