विज्ञानकथाकाराचे दुर्लक्षित पुस्तक

रॉबर्ट हाइनलाइन हे विज्ञानकथाकार म्हणून सर्वपरिचित आहेत. परंतु १९३८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळासाठी निवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या अनुभवातून १९४६ मध्ये लिहिलेले ‘टेक बॅक युवर गव्हर्नमेंट’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये प्रकाशित झाले. घरोघरी जाऊन मतदारांशी बोलणारा सामान्य कार्यकर्ताच लोकशाही तारतो, हे त्याचे सार. त्याच वर्षी आपल्या संसदेने पंचायत राज्यासंबंधीची ७३वी घटनादुरुस्ती संमत केली. पैठण, कन्नड, वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकेंद्रात येणाऱ्या तुम्हांला ग्रामसभा अपरिचित नाही. म्हणूनच हे पुस्तक तुम्ही अधिक जाणतेपणाने वाचू शकाल. लेखकाला एका साहित्यप्रकारात कोंडू नये. तसेच नागरिकत्व केवळ मतदानापुरते ठेवू नये.