बाबांचा वेग, मुलांचा दम

मॅरेथॉनचा हंगाम जवळ आला की पहाटेच्या मैदानांवर बाप-लेकीच्या, माय-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. मोबाइल घरी ठेवून अर्धा तास शेजारी शेजारी पळणे ही दोघांसाठीही चैनच. पळताना मुले जे सांगून टाकतात, ते जेवणाच्या ताटावर सहसा सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. त्यातला बराचसा वाटा असा सहज भरून निघतो.

प्रश्न आहे तो वेगाचा. त्याच वेगाने धावताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे वडिलांची रमतगमत धाव दहा वर्षांच्या मुलासाठी शर्यतच ठरू शकते. शिवाय वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा अजून नाजूक असते. टाच किंवा गुडघ्याखाली दुखते म्हणणारे मूल दरवेळी कंटाळा करत नसते. दुखणे टिकले, लंगडणे दिसले तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला ६५ किलोमीटर पळवले गेले, तेव्हा टाळ्या वाजवणारे कमी नव्हते!

धावताना मुलाला गप्पा मारता आल्या पाहिजेत, ही साधी कसोटी. वेग त्यानेच ठरवावा. मध्येच थांबून चिंचा वेचाव्याशा वाटल्या तर वेचू द्याव्यात. पदकाच्या फोटोची घाई बहुधा आईबाबांनाच असते. आठवड्यातून एक-दोन दिवस पळण्याला सुट्टी द्यावी. त्या दिवशी लगोरी आहेच.