शिडाचा ट्रॅव्हलर

ट्रॅव्हलर म्हटलं की तुळजापुरात डोळ्यासमोर एकच गोष्ट येते. नवरात्रात घाट चढून येणारी, टपावर बॅगा बांधलेली टेम्पो ट्रॅव्हलर! या लेखाचा विषय सांगितल्यावर माझ्या रूममेटनेसुद्धा "कितवं मॉडेल?" असंच विचारलं. पण मित्रांनो, हा ट्रॅव्हलर शिडाच्या बोटीवर असतो. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर. तरीही मेकॅनिकलवाल्यांनी (आणि सिव्हिलवाल्यांनीही, भोकांपुरतं) तो समजून घ्यावा असं माझं मत आहे. कारण आपण कुठलीही वस्तू "अपग्रेड" करताना जी घाई करतो, ती या एका पट्टीवर स्वच्छ दिसते.

आधी वस्तू काय ते बघू. मुख्य शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. बूम आत ओढायला आणि बाहेर सोडायला जो दोर असतो, त्याला मेनशीट म्हणतात. (शीट म्हणजे दोर! इंग्रजी मीडियममध्ये दहा वर्षं काढूनही हा अर्थ मला माहीत नव्हता.) या एकाच दोराला दोन कामं करावी लागतात. बूम किती बाहेर जाईल ते ठरवायचं, आणि बूम खाली ओढून शिडाची मागची कड ताणून धरायची. एक साधायला गेलं की दुसरं बिघडतं. मग बोटीच्या आडव्या अंगाला एक रूळ बसवतात, त्यावर सरकणारा गाडा ठेवतात आणि दोराचं खालचं टोक त्या गाड्याला बांधतात. हा ट्रॅव्हलर. आता ताण दोराने द्यायचा, आणि कोन गाडा सरकवून बदलायचा.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही मोटेबद्दल विचारा. मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर असत. नाडा मोट उचलायचा आणि सोंदूर सोंड सांभाळायचा, म्हणून पाणी वाटेत न सांडता थेट थारोळ्यात पडायचं. दोन कामांना दोन दोर! बैलजोडी मात्र एकच, आणि बाकीचं काम विहिरीवरचं चाक आणि खालचा कणा यांच्या उंचीतला फरक करायचा.

आता मुद्दा. जुन्या क्रूझिंग बोटींवर, म्हणजे शर्यतीच्या नव्हे तर लांबच्या प्रवासाच्या बोटींवर, हा गाडा बहुतेक वेळा पट्टीवर नुसता घासत सरकतो आणि खिळीने एका जागी अडकवलेला असतो. खिळी काढायची तर आधी दोर ढिला करायला हवा. म्हणजे वाऱ्याचा झोत आला, बोट कलली, सुकाणू ऐकेना, नेमकं तेव्हाच हे यंत्र हलत नाही. परिणामी लोक ते वापरणंच सोडून देतात आणि गाडा मधोमध गंजत राहतो. भाराखाली न हलणाऱ्या यंत्राला यंत्र कशाला म्हणायचं? म्हणून बदल हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण काय बदलायचं? कॅटलॉग उघडला की सगळे बॉल बेअरिंगच्या चकचकीत गाड्यावर खिळतात. जरा हिशोब करू. समजा दोरात ३०० किलोचा ताण आहे आणि गाडा वाऱ्याच्या बाजूला ओढताना दोर उभ्यापासून १० अंश तिरका आहे. आडवा घटक झाला सुमारे ५२ किलो. घासणाऱ्या गाड्याचा घर्षण गुणांक ०.२ धरला तर घर्षण ५९ किलो, एकूण १११. बॉल बेअरिंगचा ०.०२ धरला तर घर्षण ६ किलो, एकूण ५८. घर्षण एक दशांश झालं, पण हाताला लागणारा जोर जेमतेम निम्मा झाला! ते ५२ किलो कुठल्याही बेअरिंगने कमी होत नाहीत, ते भूमितीचे आहेत. त्यांना उत्तर म्हणजे कप्प्या. चारपट कप्प्या लावल्या तर जुना गाडासुद्धा २८ किलोंत हलतो आणि नवा साधारण साडेचौदात. (कप्प्यांचं स्वतःचं घर्षण सोडून, परीक्षेत सोडतो तसंच.) माझं स्पष्ट मत असं, की पैसे बेताचे असतील तर आधी दोर आणि कप्प्या घ्याव्यात, बेअरिंग नंतर. आणि दोर बूमच्या टोकाऐवजी मध्यावर बांधलेला असेल तर मोमेंट काढून बघा. ताण दुप्पट होतो. तिथे दोन्ही लागतील.

आपल्यातला कुणीतरी लगेच म्हणेल, मोटर लावू, मोबाईलवरून चालवू. नको रे बाबा! समुद्रावर वर्कशॉप नसतं. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये 'म्हादेई' ही ५६ फुटी बोट बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता केली. एकटा माणूस झोपणार कधी आणि दुरुस्ती करणार कधी? तिथेच बांधलेली 'तारिणी' २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाभोवती नेली. घर जवळ आलेलं असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. हातातल्या हत्यारांनी जे उघडता येतं, तेच बोटीवर असावं.

बसवण्यातही गोम आहे. फायबरच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा हलकं लाकूड असतं. भोक पाडून बोल्ट आवळला की पाणी झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. म्हणून भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, मग त्यात बोल्टचं भोक पाडायचं आणि खालून जाड पट्टी द्यायची, कारण ताण वरच्या दिशेने असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या रुळात स्टेनलेसचा बोल्ट म्हणजे खाऱ्या पाण्यात चक्क बॅटरी, तेव्हा मध्ये इन्सुलेट करणारी पेस्ट हवी. बेअरिंगला ग्रीस फासायचं नाही, त्यात रेती आणि मीठ अडकतं. गोड्या पाण्याने धुवायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्याला गोड्या पाण्याची किंमत सांगायला नको, बोटीवरही ते मोजूनच असतं. तिथे धुणं पावसाच्या सरीवर सोपवतात.

आणि ऑर्डर देण्याआधी पट्टी घेऊन मोजा. जुन्या बोटींवरच्या अनेक रुळांची भोकं चार इंचांवर असतात, नव्यांची १०० मिलिमीटरवर. फरक दीड मिलिमीटरचा, "चलता है" म्हणण्याइतका. पहिला बोल्ट बसतो, दुसरा ठोकून बसतो. अकराव्या भोकापर्यंत रूळ १६ मिलिमीटर सरकलेला असतो.